आधी डोळा बघा, मग मेकअपचा डबा उघडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी तीन जणींना एकच आयलायनर लावून दाखवलं. तीच बाटली, तोच ब्रश, तीच रेष. पहिलीला छान शोभलं. दुसरीने डोळे उघडल्यावर रेष दिसेचना. आणि तिसरीचा चेहरा असा दिसायला लागला की जणू रात्रभर जागून आली आहे. व्हिडिओ बारा मिनिटांचा, त्यात कारणं सगळी सांगता आली नाहीत. म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे. ब्रायडल ऑर्डरी घ्यायच्या आहेत, घरच्या एका खोलीत पार्लर काढायचं आहे किंवा माझ्यासारखं कॉस्मेटिकचं दुकान टाकायचं आहे, अशा सगळ्यांसाठी आहे. पुरुष मंडळींनीही वाचा. लेडीज शॉपीच्या काउंटरवर बऱ्याच ठिकाणी तुम्हीच उभे असता.

आधी माझ्या खिशातून गेलेल्या पैशांची गोष्ट सांगते.

बारा हजारांची चूक

बार्शीत आमचं बांगड्या आणि कॉस्मेटिकचं दुकान. बीबीए झाल्यावर नोकरी न करता मी काउंटरवर बसले आणि दुसऱ्या वर्षी लग्नाच्या मेकअपच्या ऑर्डरी घ्यायला लागले. कोर्स केला होता, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर.

एका लग्नाची ऑर्डर मिळाली. साडेचार हजार ठरले, दीड हजार ॲडव्हान्स. नवरीने मोबाइलवर एका नटीचा फोटो दाखवला. पापणीवर सोनेरी रंग, त्याच्यावर तपकिरी रंगाची सुरीने कापल्यासारखी स्पष्ट कड, म्हणजे आपण ज्याला कट क्रीज म्हणतो ते. मी म्हटलं, हे तर मला येतं. ट्रायल घेतली नाही. मुहूर्त सकाळचा होता. कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत ट्यूबलाइटखाली मी तिचे डोळे मिटून घेतले आणि चाळीस मिनिटं पापणीवर काम केलं. मिटलेल्या डोळ्यांवर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी स्वतःच फोटो काढून ठेवला.

मग तिने डोळे उघडले. सगळं गायब! सोनेरी रंग नाही, कड नाही, काही नाही. पापणीवरची कातडी घडी होऊन खाली उतरायची आणि माझी चाळीस मिनिटांची मेहनत त्या घडीच्या आत जाऊन बसायची. घाबरून मी वरून आणखी काळा रंग चढवला. होमाजवळ बसल्यावर धूर, घाम आणि डोळ्यांतलं पाणी, तिन्ही एकत्र आले. लायनरची छाप घडीच्या वरच्या भागावर उठली. नवरीच्या आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, हिच्या डोळ्याला काय लागलंय?"

राहिलेले तीन हजार मागायची माझी हिंमत झाली नाही. त्याच घरातल्या दोन चुलत बहिणींच्या ऑर्डरी माझ्याकडे तोंडी ठरल्या होत्या, त्याही गेल्या. त्या नऊ हजारांच्या होत्या. म्हणजे एका डोळ्याच्या आकाराकडे न बघितल्यामुळे बारा हजार गेले. शिवाय आत्याबाईंचं तोंड वर्षभर चालू राहिलं, त्याचा हिशेब वेगळाच.

माझा रंग चांगल्या प्रतीचा होता. ब्लेंडिंगही चांगलं होतं. चूक एवढीच, की मी समोरच्या मुलीचा डोळा बघण्याआधी फोटोतल्या नटीचा डोळा बघितला.

डोळा बघायचा कसा

बीबीएला मार्केटिंगच्या तासाला सेगमेंटेशन शिकवतात. सगळी गिऱ्हाइकं एकसारखी नसतात, त्यांचे गट पाडा आणि ज्याला जे हवं ते द्या. परीक्षेत मी त्यावर छान उत्तर लिहिलं होतं. तो धडा पापणीवरही लागू होतो हे मात्र या लग्नानंतर कळलं.

इंटरनेटवर डोळ्यांच्या आकारांचे तक्ते मिळतात. आठ आकार, दहा आकार. ते पाठ करत बसू नका. खरा डोळा तक्त्यात बसत नाही. एकच डोळा गोलही असतो आणि बाहेरच्या कोपऱ्यात खाली उतरलेलाही असतो. आणि बहुतेकींचा डावा-उजवा डोळा तंतोतंत सारखा नसतो. त्यापेक्षा प्रत्येक गिऱ्हाइकाला बघताना मनातल्या मनात पाच प्रश्न विचारा. दोन मिनिटं लागतात.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डोळे उघडे असताना पापणी दिसते का? पापण्यांच्या केसांपासून घडीपर्यंत जो भाग दिसतो, तीच तुमची रंगवायची जागा. जागा चांगली दिसत असेल तर काम सोपं. घडीवरची कातडी उतरून ती जागा झाकत असेल तर तो झाकल्या पापणीचा डोळा, ज्याला आपण कोर्समध्ये हुडेड म्हणतो. आणि काही डोळ्यांना घडीच नसते, पापणी सपाट असते. तो मोनोलिड.

दुसरा प्रश्न, बाई समोर सरळ बघत असताना बुबुळाच्या वर किंवा खाली पांढरा भाग दिसतो का? दिसत असेल तर डोळा गोल. बुबुळ वरच्या आणि खालच्या दोन्ही पापण्यांना टेकलेलं असेल तर बदामी.

तिसरा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक आडवी रेघ आहे असं समजा. बाहेरचा कोपरा त्या रेघेच्या वर जातो की खाली?

चौथा, दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल का? मावला तर अंतर बरोबर. कमी पडलं तर डोळे जवळ, जागा उरली तर लांब.

पाचव्या प्रश्नासाठी बाजूने बघा. डोळा भुवईच्या हाडाखाली आत बसलाय की पुढे आलाय?

आता एक गोष्ट, जी मला कोणी शिकवली नव्हती. खुर्चीत बसवून समोर आरसा धरला की बाई आपोआप भुवया वर करते, डोळे मोठे करते. आपण सगळ्याच करतो. त्या वेळी झाकलेली पापणीसुद्धा उघडी दिसते आणि तुम्ही फसता. म्हणून आरसा बाजूला ठेवा. गप्पा मारा. "कार्यालय कुठलं घेतलंय? साडी पैठणी की शालू?" ती बोलत असताना, चेहरा सैल असताना बघा. मग परवानगी घेऊन मोबाइलवर तीन फोटो काढा. एक समोर बघताना, एक डोळे मिटून आणि एक मान खाली घालून. हा तिसरा फोटो बहुतेक जण काढत नाहीत. तो का लागतो, ते पुढे सांगते.

झाकल्या पापणीचा डोळा

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त ऑर्डरी इथेच बिघडतात. आणि सगळ्यात चांगला धंदाही इथेच आहे.

पहिला नियम. खूण करायची ती डोळे उघडे असताना. बाईला समोर सरळ बघायला सांगा. छोट्या ब्रशवर मॅट तपकिरी रंग घ्या, त्वचेपेक्षा दोन छटा गडद. खऱ्या घडीच्या थोडं वर, जिथे डोळे उघडे असतानाही दिसेल अशा जागी हलकीशी खूण करा. आता डोळे मिटवा, तो रंग वर आणि बाहेरच्या बाजूला पसरवा. पुन्हा उघडायला सांगा. पुन्हा बघा. मिटवा-उघडा, मिटवा-उघडा असं चार-पाच वेळा होतं. कंटाळू नका, इथेच काम होतं.

दुसरं, चमक कुठे लावायची. उतरलेल्या घडीवर शिमर लावलं तर प्रकाश तिथेच पडतो आणि ती आणखी फुगलेली दिसते. घडीवर मॅटच. चमक हवी असेल तर पापणीच्या मधोमध बोटाने एक टिपका आणि आतल्या कोपऱ्यात थोडी. बास.

तिसरं लायनर. जाड रेष लावायचा मोह होतो, कारण बारीक रेष दिसत नाही. पण आधीच जागा कमी, त्यात जाड रेष सगळी जागा खाऊन टाकते आणि डोळा लहान दिसतो. केसांच्या मुळाशी अगदी बारीक रेष ओढा. वरच्या पापणीच्या आतल्या कडेला पेन्सिल काजळ फिरवा. त्याने केस दाट दिसतात आणि पापणीवरची जागा जात नाही. मग कर्लरने केस वळवून वॉटरप्रूफ मस्कारा. कर्लर आधी, मस्कारा नंतर. उलट केलंत तर केस कर्लरला चिकटून तुटतात.

विंग काढायची असेल तर बाहेरच्या कोपऱ्यात घडी रेषेला तोडते. त्यावर उपाय आहे. डोळे उघडे ठेवून बाहेरून आत सरळ शेपूट काढायचं आणि घडीत जो खाचा राहतो तो नंतर भरायचा. डोळे उघडल्यावर रेष सरळ दिसते, मिटल्यावर मात्र वटवाघळाच्या पंखासारखी पायरी दिसते. म्हणून त्याला बॅट विंग म्हणतात. रिसेप्शनला, पार्टीला हे उत्तम चालतं.

पण आपल्या लग्नात? आता तो तिसरा फोटो आठवा. मराठी लग्नातली नवरी किती वेळ मान खाली घालून असते, ते मोजा. अंतरपाटापाशी, कन्यादानाच्या वेळी, होमाजवळ, सप्तपदीत पाऊल बघताना. फोटोग्राफरचे निम्मे फोटो तेव्हाचेच. त्या फोटोंमध्ये पापणी पूर्ण दिसते आणि तुमची पायरीही दिसते. शिवाय मुंडावळ्या डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशीच लोंबत असतात. लांब विंग त्यांना घासते आणि पुसट होते. म्हणून झाकल्या पापणीच्या नवरीला मी विधींसाठी विंग काढतच नाही. बाहेरच्या कोपऱ्यात गडद तपकिरी शॅडो लायनरच्या जागी धुरकट पसरवते. मान वर असली तरी चांगलं दिसतं, खाली असली तरी चांगलं. संध्याकाळी रिसेप्शनला हवी तेवढी विंग काढा.

आणि धंद्याची गोष्ट. वयाबरोबर पापणीवरची कातडी सैल होते, म्हणजे पंचविशीत बदामी असलेला डोळा पन्नाशीत झाकलेला होऊ शकतो. आता विचार करा, एका लग्नात नवरी एक असते. पण नवरीची आई, वरमाई, मावश्या, आत्या, काक्या किती? या बायकांना कोणी नीट विचारत नाही. नवरीचा मेकअप झाला की उरलेल्या वेळात त्यांच्यावर तोच चमकीचा ब्रश फिरवला जातो. चमक सुरकुत्यांत बसते आणि त्या बिचाऱ्या आरशात बघून तोंड धुऊन टाकतात. त्यांना मॅट रंग लावा, काळ्याऐवजी तपकिरी लायनर, बारीक रेष, वळवलेले केस. वीस मिनिटांचं काम आहे. माझं स्पष्ट मत आहे की नव्या मुलींनी नवरीच्या आधी वरमाईचा मेकअप शिकावा. नवरी एकदाच येते. तिची आई हळदीकुंकवाला येते, दिवाळीला येते आणि येताना भिशीतल्या चौघींना घेऊन येते.

एक सावधगिरी. एकाच डोळ्याची पापणी अचानक खाली आली असेल किंवा डोळा नव्याने पुढे आल्यासारखा दिसत असेल, तर ते आपलं काम नाही. "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या," एवढं शांतपणे सांगा.

बाकीचे आकार

बदामी डोळ्याला जवळपास सगळं शोभतं. व्हिडिओतली पहिली मुलगी तीच. बहुतेक ट्युटोरियल याच डोळ्यावर केलेले असतात, म्हणून ते बघताना सगळं सोपं वाटतं आणि आपल्या गिऱ्हाइकावर उतरत नाही.

व्हिडिओतली तिसरी, जिचा चेहरा दमलेला दिसला, तिच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा खाली उतरतो. मी मुद्दाम लायनर तिच्या डोळ्याच्या कडेकडेने शेवटपर्यंत नेलं, त्यामुळे रेषही खाली उतरली. अशा डोळ्यात कोपरा यायच्या तीन-चार मिलिमीटर आधीच कड सोडायची आणि रेष भुवईच्या टोकाच्या दिशेने वर उचलायची. खालच्या पापणीला बाहेरच्या भागात काजळ लावू नका, ते डोळ्याला खाली ओढतं. हीच मुलगी दुसऱ्या बाजूने नीट करून दाखवली आहे, व्हिडिओच्या शेवटी बघा. अर्धा चेहरा झोपलेला आणि अर्धा जागा, असं दिसतं.

गोल डोळ्याला चहूबाजूंनी काजळाचं रिंगण घातलं की तो आणखी गोल दिसतो. काहींना तेच आवडतं, बाहुलीसारखे टपोरे डोळे. म्हणून आधी विचारा. लांबट करून हवा असेल तर गडद रंग फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागात ठेवा आणि आडवा बाहेर ओढा. खालचं काजळही बाहेरच्या अर्ध्यातच. इथे विंग मनसोक्त काढा. शर्मिला टागोरच्या १९६० च्या दशकातल्या सिनेमांतली लांब लायनरची रेष आठवते? आमच्या दुकानात येणाऱ्या आजीबाई अजून तिचं नाव घेऊन लायनर मागतात.

आत बसलेल्या डोळ्यांच्या बाबतीत कार्यालयातला उजेड लक्षात घ्या. दिवे डोक्यावर असतात, भुवईच्या हाडाची सावली आधीच पापणीवर पडते. त्यात तुम्ही गडद स्मोकी केलंत तर फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. पापणीवर फिकट, थोडे चमकदार रंग, गडद फक्त केसांच्या मुळाशी. पुढे आलेल्या डोळ्याचं अगदी उलट. पापणीवर मध्यम ते गडद मॅट, मधोमध चमक नको, लायनर आतल्या कोपऱ्यापासून बाहेरपर्यंत पूर्ण.

सपाट पापणीचा डोळा आपल्या गावांत कमी दिसेल, पण पुण्या-मुंबईत काम करणार असाल तर ईशान्य भारतातल्या मुली गिऱ्हाईक म्हणून येतील. रंगाने खोटी घडी काढायचा अट्टाहास करू नका, तिने मागितली तरच काढा. केसांपाशी गडद आणि वर जाताना फिकट होत जाणारा रंग या डोळ्याला फार सुंदर दिसतो. लायनरची जाडी डोळे उघडे ठेवून ठरवा.

डोळे जवळ असतील तर आतला कोपरा फिकट आणि गडद रंग बाहेर. लांब असतील तर काजळ आतल्या कोपऱ्यापर्यंत न्या.

काउंटरवर याचा काय उपयोग?

मेकअप करत नसाल, फक्त दुकान असेल, तरी वाचत राहा.

एक बाई आल्या. "ताई, हे काजळ पसरतंय, दुसऱ्या कंपनीचं द्या." आधी तीन कंपन्या बदलून झाल्या होत्या. पूर्वीची मी असते तर चौथी काढून दिली असती, महागातली. मी बघितलं तर डाग डोळ्याखाली नव्हता, वर होता, भुवईखाली. म्हणजे काजळाचा दोष नव्हता. वरच्या पापणीला लावलेली रेष उतरलेल्या घडीला टेकत होती आणि छापा उठत होता. खाली पसरत असेल तर कारणं वेगळी असतात, डोळ्यांतलं पाणी, तेलकट त्वचा, खाली चोळलेलं क्रीम. मी त्यांना सांगितलं, काजळ तेच वापरा. लावायच्या आधी पापणीवर बोटाने थोडी कॉम्पॅक्ट पावडर दाबा आणि रेष बारीक करा. त्या दिवशी माझी विक्री शून्य. पुढच्या आठवड्यात त्या मुलीला घेऊन आल्या, कॉलेजच्या गॅदरिंगसाठी सगळं सामान माझ्याकडून नेलं. आता काजळ असो की बांगड्या, त्या बाई दुसरीकडे जात नाहीत.

बोलताना जीभ सांभाळा. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीने गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं, "तुमचा एक डोळा लहान आहे." खरं होतं. पण ती बाई परत आली नाही. 'बारीक डोळे', 'खोल गेलेले डोळे', 'सुजल्यासारखे डोळे' हे शब्द दुकानात काढायचे नाहीत. "तुमच्या डोळ्याला ही रेष शोभेल" एवढं म्हणा. आकाराची नोंद वहीत करा, तोंडाने नको. मी प्रत्येक ऑर्डरचं एक कार्ड ठेवते. पाच प्रश्नांची उत्तरं, लेन्स लावते का, कशाची ॲलर्जी आहे का, आणि कोणता रंग वापरला. लेन्स असतील तर त्या मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप उतरवायच्या आधी काढायच्या, हे तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

ट्रायलचे मी आता पाचशे रुपये घेते, ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा करते. फुकट ट्रायल देऊ नका. फुकट असलं की चार ठिकाणी ट्रायल होते आणि ऑर्डर पाचव्या ठिकाणी जाते.

डबा छोटा ठेवा

सुरुवातीला मी मोठं पॅलेट घेतलं होतं, झाकण उघडलं की मोरपिसारा. त्यातले जांभळे आणि हिरवे रंग अजून तसेच आहेत, तपकिरी मात्र तळ दिसेपर्यंत संपले. आकाराचं काम मॅट तपकिरी रंगांनीच होतं. सुरुवातीला त्वचेच्या रंगाचा एक, मध्यम तपकिरी, गडद तपकिरी, काळा आणि एक सोनेरी चमकीचा, एवढे रंग पुरतात. सोबत पेन्सिल काजळ, एक लायनर, वॉटरप्रूफ मस्कारा, कर्लर, तीन ब्रश. राहिलेल्या पैशांत फेकून देता येणाऱ्या मस्कारा कांड्या आणि चांगला उजेड देणारा दिवा घ्या. कार्यालयातल्या ट्यूबलाइटवर भरवसा ठेवू नका, लाइट तर बरोबर मुहूर्ताच्या आधी जाते.

कांड्यांचं सांगते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, आठवतंय ना? त्या वेळी आमच्या दुकानात काउंटरवर काजळाचा टेस्टर होता, जी येईल ती लावून बघायची. दुसऱ्याच दिवशी मी तो उचलून टाकला. आता काजळ हाताच्या मागे लावून दाखवते, डोळ्याला कोणालाच लावू देत नाही. ऑर्डरीवर पेन्सिल प्रत्येकीसाठी नव्याने टोक काढून वापरायची. मस्काऱ्याची कांडी एकदा डोळ्याला लागली की परत बाटलीत जायची नाही. उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, निम्मा उरला असला तरी. जीव तुटतो, मला माहीत आहे. आणि जिचे डोळे लाल आहेत तिला मेकअप करायचा नाही, ऑर्डर गेली तरी चालेल.

माल भरताना लेबल वाचा. निर्मात्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. यातलं काही नसेल तर तो माल दुकानात नको. पारंपरिक सुरमा गॅलिना नावाच्या खनिजापासून, म्हणजे शिशाच्या सल्फाइडपासून बनवला जायचा, आणि शिसं अंगाला घातक असतं. रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात बंदी आहे. तरी जत्रेत, आठवडी बाजारात बिनलेबलाच्या डब्या मिळतात आणि मार्जिनही जास्त असतं. डोळ्याच्या मालात ते मार्जिन घेऊ नका.

सरावासाठी मॉडेल शोधत फिरू नका. घरातल्या आणि शेजारच्या पाच जणी पकडा, त्यात एक तरी साठीच्या पुढची हवी. कसलाही रंग न लावता आधी फक्त तीन फोटो आणि पाच प्रश्नांची उत्तरं. मग एकाच डोळ्यावर काम करा, दुसरा तसाच ठेवा. फरक लगेच कळतो. आमच्या सासूबाईंवर मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्या अर्धा तास एका डोळ्यात मेकअप घेऊन भाजी निवडत बसल्या होत्या.

आणि हो, त्या नवरीचं पुढे काय झालं, हे शिकायला येणाऱ्या मुली नेहमी विचारतात. मागच्या मार्गशीर्षात तिची धाकटी बहीण दुकानात चुडा भरायला आली. मी ओळखलं. तिनेही ओळखलं असणार, कारण ती माझ्याकडे बघून जरा गप्प झाली. मीच म्हटलं, "तुझी ट्रायल करून बघू का? पैसे नकोत." फुकट ट्रायल देऊ नका असं वर लिहिलंय, माहीत आहे. हा हिशेब जुना होता.

खुर्चीत बसवलं, आरसा बाजूला ठेवला, कार्यालय कुठलं ते विचारलं. तीच पापणी. अगदी ताईसारखी, घडी उतरलेली. मिटवा-उघडा, मिटवा-उघडा करत पाऊण तास गेला. आरशात बघून ती म्हणाली, "ताईच्या वेळी असं का नाही केलंत?"

मी म्हटलं, "तेव्हा मला येत नव्हतं गं."

लग्नाच्या दिवशी तिचा मेकअप मी केला, आणि तिच्या आईचाही. पैसे पूर्ण घेतले. आत्याबाई बाजूला खुर्ची ओढून शेवटपर्यंत बघत बसल्या होत्या. सगळं आवरल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "माझ्या डोळ्यांचं काही होईल का बघ जरा."